स्पीकर गेलेत

ही गोष्ट अविनाशला ठाऊक नाही, आमच्या ऋचाला नाही, माझ्या बहिणीलाही नाही — आणि बहिणीला मी गुडघेदुखीपासून शाळेतल्या राजकारणापर्यंत सगळं सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची आणि अविनाशची कधी गाठ पडायची नाही. एवढंच कारण. सांगून हलकं वाटेल म्हणून नाही. वाटणार नाही, ते मला आत्ताच कळतं आहे.

गोष्ट मोटारीच्या स्पीकरची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. आमच्याकडेही सगळे हसतात. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी घरी इथली, आखाती देशातल्या या यान्बू शहरातली मराठी कुटुंबं जेवायला जमतात, आणि कधी ना कधी अविनाश तो किस्सा सांगतोच — माझ्या बायकोने एकटीने गाडीची दारं उघडून स्पीकर कसे बदलले त्याचा. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवते.

आम्ही मूळचे नाशिकचे. अविनाश इथल्या एका रिफायनरीत इंजिनिअर आहे. पंप आणि कॉम्प्रेसर हे त्याचं खातं. मी भारतीय शाळेत नववी-दहावीला फिजिक्स शिकवते. फिजिक्स — हे ध्यानात ठेवा. 'मला समजलं नाही' असं म्हणायची सोय मला नव्हती.

आणि अविनाशच्या कानांबद्दल सांगायला हवं. कान ही त्याची मिरवण्याची गोष्ट होती. चालू पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाशी दाबून धरायची, डोळे मिटायचे, आणि सांगायचं — हे अजून चालेल, हे बदला. यंत्रं होती त्यासाठी, पण त्याचा स्वतःच्या कानावर जास्त विश्वास. प्लांटमधले लोक त्याला 'डॉक्टरसाब' म्हणत. अर्थात, असं ऐकायचं तर कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढून ठेवावे लागतात. ते तो काढायचा. दिवसातून कितीदा, देव जाणे.

आता मूळ मुद्दा. नाही — अजून थोडं आधीचं सांगते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो आहे, ते माझ्याही लक्षात आलं आहे.

गाडीत गाण्यांचा आवाज वाढायला लागला. आधी थोडा, मग बराच, मग असा की सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघे. ऋचा तेव्हा दहावीत होती. मागच्या सीटवरून ओरडायची, "बाबा, व्हॉल्यूम! प्लीज!" घरात दर दुसऱ्या वाक्याला 'काय?' मी ओट्याशी उभी राहून विचारायचे, चहा टाकू का? काय? चहा! हो, मग असं म्हण ना. — मी असंच म्हटलं होतं की! कुकरची शिट्टी त्याला ऐकू यायची. मायक्रोवेव्हची बारीक टीं टीं यायची नाही. गाडीचा इंडिकेटर वळण संपल्यावर तसाच टिकटिकत राहायचा, मैलभर, आणि त्याला पत्ताच नसायचा. एकदा पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना सेन्सर केकाटत होता आणि हा निवांत, गाडी थेट खांबाला. मी इतकी वैतागले की घरी येईपर्यंत बोलले नाही. तो म्हणाला, "सेन्सर बिघडलाय."

ऋचा एकदा जेवताना सरळ म्हणाली, "मम्मा, आय थिंक बाबा इज गोइंग डेफ." तिने मस्करीत म्हटलं होतं. मी तिच्यावर खेकसले. कुणाच्या व्यंगावर असं बोलतात का, वगैरे. व्यंग हा शब्द माझाच, तिचा नव्हे. तो शेजारी बसून आमटी ओरपत होता. त्याला दोघींचंही ऐकू गेलं नाही.

बाहेरच्यांपासून लपवणं तर फारच सोपं होतं. आपल्या भाषेनेच सोय करून ठेवली आहे. जेवणाच्या त्या बैठकींत बायका एकमेकींना विचारतात — तुमचे ऐकतात का हो? कुलकर्णी वहिनी म्हणायच्या, "आमचे नाही बाई ऐकत." मी म्हणायचे, "आमचा तर मुळीच ऐकत नाही." सगळ्या खो खो हसायच्या. तोही लांबून बघून हसायचा, काय चाललंय ते न कळता. एवढ्या माणसांसमोर मी खरं तेच बोलत होते, आणि कुणाला कळत नव्हतं. बायकोने 'नवरा ऐकत नाही' म्हटलं तर कोण त्याच्या कानाकडे बघतं?

म्हणजे मला माहीत होतं. हे एकदा कबूल केलेलं बरं.

त्या हिवाळ्यात पासपोर्टच्या कामाला आम्ही दोघं जेद्दाला गेलो होतो. ऋचा मैत्रिणीकडे राहिली होती. परत येताना दुपार होती, रस्ता सरळ, एका बाजूला मधूनच समुद्र. गाडी तो चालवत होता. मला पुढच्या आठवड्यात वर्गात ध्वनीचा धडा घ्यायचा होता, म्हणून मी फोनवर एक अॅप उतरवून घेतलं होतं — खर्जापासून सुरू होऊन बारीक-बारीक होत जाणारा एकच सूर. मुलांना ऐकवायचा, ऐकू येईनासा झाला की हात खाली करायला सांगायचं. म्हटलं, गाडीच्या स्पीकरवर वाजवून बघू.

वाजवला. सूर चढत गेला. थोड्या वेळाने तो इतका टोचायला लागला की मी दाराकडच्या कानावर हात ठेवला. आणि अविनाश म्हणाला, "बंद का केलंस? लाव की."

सूर वाजत होता, हो. माझ्या गुडघ्याशेजारच्या दारातून, स्वच्छ, सुईसारखा वाजत होता. त्या स्पीकरला काहीही झालेलं नव्हतं, हे जगात कुणाला पक्कं माहीत असेल तर ते मला.

मी फोन बंद केला. त्याने माझ्याकडे पाहिलं — क्षणभरच, रस्ता होता पुढे. मग नेहमीची गाणी लावली. बराच वेळ तीच चालू होती. मग त्याने हात पुढे करून ती बंद केली. गाडी चालवताना गाणं बंद करणारा माणूस नाही तो. समोर बघतच म्हणाला, "खरं सांग. मला कमी ऐकू येतं का गं?"

त्याच्या आवाजात कसली मस्करी नव्हती. पन्नाशीला आलेला माणूस, स्वतःच्या कानांवर अख्खी नोकरी उभी केलेला, आणि त्याने ते मला विचारलं. डॉक्टरला नाही, प्लांटमधल्या कुणाला नाही. मला. का? कारण मी गोडगोड बोलणाऱ्यांतली नाही. पोळी करपली की करपली म्हणते. त्याच्या चुलत भावाने कविता लिहून पाठवल्या, तेव्हा त्या वाईट आहेत असं मीच कळवलं होतं. माझ्याकडून खरं कळेल अशी त्याची खात्री होती.

मी म्हटलं, "छे रे. स्पीकर गेलेत."

एवढंच. दोन शब्द. आणि मग, खोटं एकदा तोंडातून निघालं की त्याला आधार लागतोच, म्हणून पुढे — उन्हात दारं तापतात, आतला कागद कडक होतो, आवाज फाटतो, मलाही नीट ऐकू येत नाही. मलाही! फिजिक्सच्या बाईंनी समजावून सांगितल्यावर शंका कशाला राहील? त्याने मोठा श्वास सोडला आणि हसला. "वाटलंच मला. कंपनीचे स्पीकर म्हणजे नुसता पुठ्ठा." गाणी परत लावली. मोठ्याने.

असं का केलं? ऋचाची दहावी होती, पुढची दोन वर्षं होती. त्याच महिन्यात त्याचं कंत्राट नव्याने व्हायचं होतं. कान गेलेला माणूस कॉम्प्रेसरपाशी कोण ठेवेल? नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, इकामा गेला की घर, शाळा, सगळं खलास. पोरीचं वर्ष मध्येच तोडायचं?

हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं आहे की ते आता पाठ झालं आहे. पण ते खरं नाही. म्हणजे खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. ऋचा नाशिकला जाऊनही शिकली असती. मलाच परत जायचं नव्हतं. बायकांना गाडी चालवायची मुभा इथे नव्यानेच मिळाली होती, आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. इतकी वर्षं शाळेच्या बसची, नाहीतर नवऱ्याच्या ड्युटीची वाट बघत काढल्यावर मी सकाळी स्वतः किल्ली घेऊन खाली उतरत होते. शाळेत खात्याची प्रमुख होणार होते. आणि हे सगळं त्याच्या इकाम्याला लटकलेलं होतं. म्हणून त्याचे कान चांगले असायला हवे होते. मला ते चांगले हवे होते, म्हणून मी ते चांगले ठरवून टाकले.

घरी आल्यावर तो म्हणाला, शनिवारी वर्कशॉपमध्ये नेऊ गाडी. झालं! वर्कशॉपवाला पहिल्या मिनिटाला सांगेल — साहेब, स्पीकर एकदम ठीक आहेत. मी म्हटलं, कशाला उगाच, मी बसवते, व्हिडिओ बघून कुणीही बसवेल. त्याला भारी गंमत वाटली. "मास्तरीणबाई आता मेकॅनिक!"

गाडीच्या सामानाचं दुकान आहे कादिरभाईंचं, रत्नागिरीचे आहेत ते. मी त्यांना म्हटलं, पुढच्या दारांसाठी स्पीकर द्या, बारीक आवाज चांगला चढणारे. ते खोक्यावरची धूळ झटकत म्हणाले, "वहिनी, साहेबांना गाणी ऐकायचीत की अख्ख्या कॉलनीला ऐकवायचीत?" मी हसले. हसणं मला तेव्हा पटकन जमायचं.

शनिवारी त्याला अचानक ड्युटी लागली, प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी शटडाऊन चालू होतं. ऋचा वर अभ्यास करत होती. मी इमारतीमागच्या सावलीत गाडी लावली आणि कामाला लागले. आणि मी तुम्हाला सांगते, इतकं चिडचिड करणारं काम मी दुसरं केलेलं नाही. व्हिडिओत तो मुलगा दाराचं आतलं पॅनेल हलकेच ओढतो आणि ते हातात येतं. इथल्या उन्हाने पॅनेल धरून ठेवणाऱ्या क्लिपांची बिस्किटं झालेली — ओढलं की तुटली, ओढलं की तुटली. एक स्क्रू हँडलच्या झाकणाखाली लपलेला, तो सापडेपर्यंत मी दाराला लाथ घालायची बाकी होते. आतल्या प्लास्टिकच्या पडद्याला काळा चिकट डांबरासारखा गोंद, तो कोपरापर्यंत लागला. जुने स्पीकर स्क्रूने बसवलेले नव्हते, रिव्हेट ठोकलेले. वर जाऊन अविनाशचं ड्रिल आणलं. रिव्हेटचे तुकडे दाराच्या पोटात पडले. अजून कुठे खड्डा आला की खुळखुळतात. नवा स्पीकर बसवला, सगळं बंद केलं, तर काच खाली जाईना — मागचा लोहचुंबक काचेला अडत होता. परत सगळं उघडा. मध्ये जाड रिंग घाला. परत बंद करा. घाम, गोंद, शिव्या. आणि हे सगळं कशासाठी? चांगल्या, धडधाकट स्पीकरांच्या जागी दुसरे चांगले स्पीकर बसवायला. चूक शोधून दुरुस्त करताना राग आला तर त्याला काही अर्थ असतो. इथे बिघडलेलं काहीच नव्हतं. निदान दारात तरी.

दुपारी जुने दोन्ही स्पीकर वर आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले. काळा कागदी पडदा, घट्ट, कुठे चीर नाही, डाग नाही. बोटांनी दाबून पाहिला तर मऊ आत गेला, मऊ बाहेर आला. नव्यासारखे होते.

आणि माझ्या लक्षात आलं की हे तो बघणार. आल्याआल्या हातात घेणार. तो यंत्रांचा माणूस आहे, निकामी सुटा भाग हातात घेऊन तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो दाबून बघेल. आणि त्याला कळेल.

कळू द्यायचं होतं ना तेव्हा? मला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. रस्त्यावर त्याने अचानक विचारलं, मी गडबडले, असं म्हणता आलं असतं. पण त्या दुपारी मला कुणी काही विचारत नव्हतं. घर शांत होतं, चांगला वेळ होता, मी एक ग्लास पाणीसुद्धा प्यायले.

मग मी त्याचा घरचा लांब स्क्रूड्रायव्हर घेतला — हो, तसाच. हत्यारांच्या खोक्यात तोच वर होता — आणि दोन्ही पडदे फाडले. एकदम फाडले नाहीत. उन्हाने तडकल्यासारखे दिसावेत म्हणून कडेकडेने, सावकाश, टोक जरा वेडंवाकडं फिरवत. एक जास्त, एक कमी, कारण दोन्ही सारखेच फाटले तर संशय येईल. एवढा विचार केला मी. कागदाचे तुकडे गोळा करून केराच्या पिशवीत तळाशी टाकले, त्यावर कांद्याची सालं.

तो आला. बूट काढायच्या आधी टेबलापाशी. स्पीकर उचलला, पडद्याच्या चिंध्यांतून बोट आरपार घातलं आणि इतका खूश झाला! इतका! "ऋचा, ये इकडे, बघ! डेफ म्हणे! हे बघ काय झालं होतं!" म्हणजे त्या दिवशी जेवताना त्याला ऐकू गेलं होतं. मी समजत होते, गेलं नाही. ऋचा आली, तिने पाहिलं, आणि म्हणाली, "ओह. सॉरी, बाबा."

तिला मी माफी मागायला लावली. खरं बोलणारी घरात ती एकटी होती.

मग तिघं खाली गेलो, गाडीत बसलो. मी आधीच सेटिंगमध्ये जाऊन ट्रेबल, म्हणजे ते बारीक, टोकदार आवाज, शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. हे जुन्या स्पीकरवरही करता आलं असतं. गाणं सुरू झालं. मला आणि ऋचाला कानात तारा घातल्यासारखं झालं. तो म्हणाला, "आता कसं! शब्द न् शब्द कळतोय." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

त्यानंतर त्याने परत कधी विचारलं नाही. कशाला विचारेल? कान चांगले आहेत हे सिद्ध झालं होतं, पुरावा हातात घेऊन पाहिला होता. तो मफ काढत राहिला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावत राहिला. कंत्राट झालं. मी खात्याची प्रमुख झाले. ऋचा बारावी झाली, पुण्याला गेली. मध्ये वर्षं गेली, आणि दर वर्षी त्याचं ऐकू येणं थोडं-थोडं उतरत गेलं, आणि मी दर वर्षी थोडं-थोडं मोठ्याने बोलत गेले.

मग प्लांटच्या तपासणीत ते निघालंच. मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं, मी बरोबर होते. डॉक्टर भला माणूस, हातवारे करत सावकाश इंग्रजीत बोलत होता. आवाजाने गेलेलं परत येत नाही, म्हणाला. त्या आवाजापासून आधीच लांब झाला असतात, तर पुष्कळ राहिलं असतं. इतकी वर्षं काहीच जाणवलं नाही का? अविनाश प्रामाणिकपणे आठवून म्हणाला, "नाही. मध्ये एकदा शंका आली होती, पण ते गाडीचे स्पीकर होते. हिने बदलले."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावली.

आणि नोकरी? नोकरी गेली नाही. त्याला नियोजनाच्या ऑफिसात टेबल दिलं, बस. पगार तोच, इकामा तोच. आधी कळलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं. पण समजा झालं नसतं, सगळं खलास झालं असतं, तरी मी केलं ते तेच राहतं. म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्याला आता कोणी डॉक्टरसाब म्हणत नाही. कानात यंत्रं आहेत, तरी ऋचाचा व्हिडिओ कॉल आला की तो तिच्या ओठांकडे बघत 'हो, हो' म्हणत राहतो आणि नंतर मला विचारतो, काय म्हणत होती गं? मी सांगते. मी सांगेन तेच तिचं बोलणं. एकदा वॉशिंग मशीन धडधडत होतं, तर त्याने तो स्क्रूड्रायव्हर आणला, टोक टेकवलं, मूठ कानाशी नेली — मग यंत्र आठवलं, ते काढलं, परत मूठ लावली. डोळे मिटून बराच वेळ उभा होता. मग स्क्रूड्रायव्हर खोक्यात ठेवला आणि म्हणाला, माणूस बोलाव.

गाडी तीच आहे, स्पीकर तेच. चालवते मी, हॉर्न ऐकू येत नाहीत म्हणून तो आता शेजारी बसतो.

मागच्या जेवणात त्याने तो किस्सा पुन्हा सांगितला. चिंध्या झालेला पडदा, त्यातून आरपार घातलेलं बोट, सगळं हातांनी करून दाखवलं. कुलकर्णी वहिनींनी मला कोपराने ढोसलं. "आता कानात यंत्र आलंय. आता तरी ऐकतात का तुमचं?"

सगळ्या हसल्या. मीही.

माझं त्याने ऐकलं होतं, वहिनी. जेद्दाच्या रस्त्यावर, गाणं बंद करून, नीट कान देऊन ऐकलं. मी म्हटलं, स्पीकर गेलेत.

स्पीकर चांगले होते.